स्मारकासमोरचं बाकडं

जगात अक्कल असलेला माणूस एकच उरला आहे आणि तो दुकानांचे बोर्ड रंगवतो, अशी पेंटरची पक्की समजूत होती. दुकानदारांना पाटीवर काय लिहायचं ते धड सांगता येत नव्हतं, गिऱ्हाइकांना लिहिलेलं धड वाचता येत नव्हतं, आणि पलीकडच्या गल्लीतला दुसरा पेंटर तर अक्षरं काढतच नव्हता, भिंतीवर किडे सोडत होता. हे सगळं मनात ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण मनात ठेवायची त्याला सवयच नव्हती.

वर्षातून एकदा, स्मृतिदिनाच्या आठवडाभर आधी, तो गावच्या युद्धस्मारकावर कामाला जायचा. काळा गुळगुळीत दगड, त्यावर कोरलेली एकेचाळीस नावं, भोवती लोखंडी साखळी, थोडी हिरवळ, एक झाड आणि झाडाखाली सिमेंटचं बाकडं. कोरलेल्या अक्षरांतला पांढरा रंग वर्षभरात उडतो. जुना रंग तो खिळ्यानं खरवडून काढायचा, बारीक ब्रशनं नवा भरायचा आणि कडेला आलेला थिनरच्या फडक्यानं पुसायचा. हातात कसब होतं, ते नाकारून चालणार नाही. पण हाताबरोबर तोंडही चालायचं. ‘शांतता राखा’ ही तिथली पाटी त्यानंच रंगवली होती, आणि तिच्याच खाली उभा राहून तो येणाऱ्याजाणाऱ्याची सालटी काढायचा.

येणारेही तसलेच होते, हे खरं. दगडाकडे पाठ करून फोटो काढायचे. नावांत आपलं आडनाव शोधायचे आणि सापडलं की उगाच छाती फुगवायचे. स्मारक समितीचे अध्यक्ष तर सगळ्यांवर कडी करायचे. युद्धाच्या काळात हे गृहस्थ पाय मुरगळला म्हणून घरी होते. तो पाय युद्ध संपलं त्याच आठवड्यात बरा झाला. आता दर वर्षी पुष्पचक्र वाहताना त्यांचा गळा दाटून यायचा, तोही फोटोग्राफर तयार आहे ना, हे बघून.

खालून तिसऱ्या ओळीत पेंटरच्या बापाचं नाव होतं. बाप सैन्यात ट्रक चालवायचा. रसद घेऊन जाताना ट्रक दरीत गेला आणि बाप हुतात्मा झाला. पेंटर तेव्हा नऊ वर्षांचा होता. “शत्रूनं त्याला पाहिलंसुद्धा नसेल,” पेंटर म्हणायचा. “त्याला वळण दिसलं नाही, एवढंच काय ते शौर्य.”

बापाबद्दल असं बोलणं बरं नव्हे, पण त्याला कारण होतं. बापानं घरात कधी हात उचलला नाही. त्याची जीभच पुरेशी होती. बायकोनं चहा पुढे केला की, “हे काय, भांडी धुतलेलं पाणी?” पोरानं चित्र काढलं की, “हा घोडा? घोड्यानं बघितला तर जीव देईल.” आणि दर दोन वाक्यांमागे एकदा, “अक्कल गहाण टाकली आहे का?” रजेवर आलेला बाप परत कधी जाणार, ते दिवस पोरगं बोटांवर मोजायचं. म्हणून आता पेंटर त्या एका नावात रंग कमी आणि थिनर जास्त घालायचा. सहा महिन्यांत नाव पुसट व्हायचं. तिथे दगडाला ओल येते, असं तो समितीला सांगायचा आणि समितीला ते पटायचं.

आणि याच बापासमोर त्याची आई रोज येऊन बसायची. दुपारी तीन ते पाच, ऊन असो की थंडी, त्या बाकड्यावर, हात मांडीवर ठेवून. फूल आणायची नाही, डोळे पुसायची नाही, नुसती बसायची. गावभर तिचं नाव झालं होतं. “काय निष्ठा! चाळीस वर्षं झाली, तरी बाई रोज भेटायला येतात,” लोक म्हणायचे. ते ऐकून पेंटरच्या मस्तकात तिडीक जायची. ज्या माणसानं जन्मात एक बरा शब्द काढला नाही, त्याच्यापुढे ही रोज हजेरी लावते!

जेवायला बसला की तो सुरू व्हायचा. “काय म्हणाले आज हुतात्मे? चौकशी केली का माझी?” आई मान खाली घालून जेवायची. “अगं, अक्कल गहाण टाकली आहेस का? दगड तो. त्याला सांगतेस काय आणि तो ऐकतो काय?” मग भाजीतलं मीठ निघायचं, मग बायकोचं माहेर, मग शेजारी. बायको उठून मिक्सर लावायची. तिला रोज काही ना काही वाटायचं असायचंच.

यंदा अध्यक्षांच्या डोक्यात सुशोभीकरण शिरलं. समितीच्या अकरा सभासदांची नावं कोरलेली संगमरवरी फरशी त्यांना बसवायची होती आणि जागा सापडत नव्हती. “तुम्ही कलाकार माणूस,” ते पेंटरला म्हणाले. “सांगा, कुठे शोभेल?”

“बाकड्याच्या जागी,” पेंटर म्हणाला. “काढून टाका ते, साहेब. लोक येऊन लोळतात. स्मारक आहे की बसस्टँड?”

“पण तिथे तुमच्या मातोश्री…”

“तिला बसायला घर आहे.”

अध्यक्षांनी पुन्हा विचारलं नाही. दोन दिवसांत बाकडं फोडलं. ठराव मागाहून झाला. एकेचाळीस मेलेल्यांसमोर अकरा जिवंतांची सोय लागली. पेंटर खूश होता. आता आई घरी बसेल, निष्ठेचं कौतुक बंद पडेल आणि त्या माणसाचा शेवटचा भक्त कमी होईल.

आई घरी बसली नाही. ती तीनला आली, बाकड्याच्या जागी पांढरी फरशी बघितली आणि साखळीचा खांब धरून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी पेंटर अध्यक्षांच्या नावात सोनेरी रंग भरत होता. जिवंतांना सोनेरीच हवा होता. तेव्हा त्याला तिचे पाय थरथरताना दिसले. घोटे सुजून चपलेच्या पट्ट्यावर आले होते. त्याला कळवळून आलं. पण त्याचा कळवळाही तोंडातून नेहमीच्याच थाटात बाहेर पडायचा.

“कशाला उभी राहतेस इथे? पडलीस, हाड मोडलं, तर कोण निस्तरणार? आणि कोणासाठी हे? त्यानं काय दिलं तुला? अक्कल गहाण…”

“त्याच्यासाठी नाही येत मी,” आई म्हणाली.

“मग कोणासाठी?”

“इथे कोणी बोलत नाही, म्हणून येते. मी बसले की लोकसुद्धा हळू चालतात. दोन तास कानाला बरं वाटतं.” मग तिनं प्रामाणिकपणे भर घातली, “तू रंगवायला येतोस तो आठवडा सोडून.”

“घरात काय त्रास आहे तुला?”

आईनं त्याच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसता थकवा होता. “तुझे वडील गेले तेव्हा मला रडू आलं नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नंतर पाच वर्षं घर शांत होतं. तू चित्रं काढायचास, मी शेजारी शिवत बसायचे. मग तुला कंठ फुटला.”

पेंटरनं सोनेरी रंगाचा ब्रश खाली ठेवला. 

“डोळे मिटले की मला ओळखू येत नाही, कोण बोलतंय ते,” आई म्हणाली. “बायकोला विचार, रोज मिक्सरवर एवढं काय वाटते ती.”

पेंटर तसाच उठून अध्यक्षांच्या घरी गेला. अध्यक्ष आरशासमोर भाषण पाठ करत होते.

“साहेब, बाकडं परत बसवा.”

“अहो, तुमचीच तर सूचना! ठरावात आहे, ‘कलाकाराच्या सल्ल्यानुसार’.”

“माझं चुकलं.” हे शब्द त्यानं जन्मात पहिल्यांदा उच्चारले असतील, आणि ते अशा माणसापुढे वाया गेले.

“स्मृतिदिन होऊ द्या, मग बघू,” अध्यक्ष म्हणाले. “आणि खरं सांगू? त्या उभ्या असल्या की फोटोत भावना येते.”

त्या माणसाच्या लायकीचं सगळं पेंटरच्या जिभेवर आलं. “तुम्ही अक्कल…” इथपर्यंत तो पोचलाही. आणि तो आवाज त्याला ऐकू आला. हातातली ट्रंक खाली ठेवायच्या आधी दारातूनच सुरू होणारा, रजेवर आलेला आवाज.  तो गप्प झाला. अध्यक्षांना वाटलं, आपल्या रुबाबापुढे गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी पेंटर घरातली हातांची लाकडी खुर्ची डोक्यावर घेऊन भर रस्त्यानं निघाला. “काय पेंटर, घर रिकामं करताय का?” लोकांनी विचारलं. प्रत्येकाला द्यायला त्याच्याकडे एकेक सणसणीत उत्तर होतं. त्यानं एकही दिलं नाही. खुर्ची त्यानं बरोबर अकरा सभासदांच्या नावांवर ठेवली. एक पाय अध्यक्षांच्या सोनेरी आडनावावर आला, तो त्यानं हलवला नाही. तेवढा तिरस्कार त्यानं राखून ठेवला.

आई तीनला आली. खुर्ची बघितली, त्याच्याकडे बघितलं आणि बसली. पेंटर दगडाकडे वळून नावं खरवडू लागला. आईची क्षमा मागावी असं त्याला फार वाटत होतं, पण त्यासाठी बोलावं लागलं असतं. तासभर खिळ्याची करकर तेवढी चालू होती. तो खालच्या ओळींपर्यंत आला.

“झालं का रे तुझं काम?” मागून आईनं विचारलं.

शेवटच्या तीन ओळी राहिल्या होत्या, बापाची धरून. पेंटरनं होकारार्थी मान हलवली, रंगाचा डबा उचलला आणि आवाज न करता साखळी ओलांडून गेला.