परातीत पारखलेला चष्मा

ओहोटीला रेवदंड्याच्या खाडीत गुडघाभर पाण्यात नऊ माणसं रांग धरून उभी राहत, आणि सगळ्यांत पुढे धर्माजी कोळी. तोंडातून हूं की चूं नाही, कारण बोय मासा तिखट कानाचा, जरा खुट्ट झालं की झुंडच्या झुंड पसार. पाण्याखाली बोयींची सावली सरकताना दिसली की धर्माजी हात वर करी, आणि हात खाली आला की नऊ पागजाळी, म्हणजे गिरकी घेऊन फेकायची गोल जाळी, एकदम पाण्यावर फाकत. बावीस वर्षं पुढची जागा त्याची होती. आणि सन अडतीसच्या हिवाळ्यात ती जायची पाळी आली!

झालं काय, की उन्हं जरा तिरपी झाली की खाडी नुसती लखलखायची आणि धर्माजीला त्या चकाकीपलीकडे काही म्हणता काही दिसेना. एकदा हात चुकला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा नऊच्या नऊ जाळ्यांत शेवाळ आलं. तीन वेळा पाग रिकामा गेला की पुढच्यानं येत्या अमावास्येच्या उधाणाला शेवटी जाऊन उभं राहायचं, ही तिथली रीत. त्याच्या जागी चुलतभाऊ बाबाजी येणार हेही ठरलं. धर्माजीला जागा गेल्याचं दुःख होतंच, पण आपण आंधळे होतोय ही भीती त्याहून मोठी होती.

तेवढ्यात बोटीवर खलाशी असलेला शेजारचा दयाराम रजेवर घरी आला. त्यानं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली. "काका, डोले शाबूत हायेत तुमचे! मुंबैला नव्या जातीचा काळा चष्मा आलाय. पान्यावरची चकाकी गिळून टाकतो. आमच्या बोटीवरचा साहेब तो लावून गळ टाकतो, मी डोल्यांनी बघितलंय."

बस्स! दुसऱ्या दिवशीच्या आगबोटीनं धर्माजी निघाला. त्याची बायको आवडाबाई म्हणाली, "मी येनार. तुमाला कुनीबी फसवंल." तिनं मासळीची टोपली पालथी घातली आणि बरोबर चढलीसुद्धा.

गिरगावातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक दिनानाथ. त्यांनी काचपेटीवर तीन चष्मे मांडले. एक साधा काळ्या काचेचा. दुसरा नव्या जातीचा, दोन काचांच्या मधे तो चकाकी अडवणारा पापुद्रा बसवलेला. तिसऱ्यात पापुद्रा तोच, पण काचेऐवजी प्लास्टिक. धर्माजीनं तिन्ही लावून पाहिले. तिन्हीतून दुकान काळं दिसलं.

"हितं काय कळनार?" तो म्हणाला. "परात आना. पानी भरून."

"अहो नाखवा, हे चष्म्याचं दुकान आहे, खानावळ नव्हे!"

पण आवडाबाई शेजारच्या बिऱ्हाडातून परात घेऊन आलीही होती. उंबऱ्यावर, उन्हात परात ठेवली, तळाशी ढब्बू पैसा टाकला. धर्माजी उकिडवा बसला. पाणी असं तळपलं की पैसा दिसेचना. साधा काळा चष्मा लावला, पाणी तेवढं अंधारलं, पैसा नाहीच. मग नव्या जातीचा लावला मात्र, आणि धर्माजी ओरडलाच, "आयला! पानीच गेलं की गं! पैसा बघ! पैशावरचा राजा बघ!" मान आडवी केली की चकाकी हजर, सरळ केली की गायब. तो मान हलवतोय आणि हसतोय, हसतोय आणि डोळे पुसतोय. रस्त्यावरची माणसं जमली. दिनानाथही धोतर सावरून परातीपाशी बसले. इतके दिवस चष्मे विकत होते, पण हे त्यांनीसुद्धा पाहिलं नव्हतं.

आता काच की प्लास्टिक?

"काचच घ्या," दिनानाथ म्हणाले. "कशी स्वच्छ दिसते! प्लास्टिकला खारट हात लागला, वाळूचा कण घासला, की ओरखडे. महिन्याभरात धुकं."

धर्माजीचं मन काचेवरच बसलं होतं. जडपणाचं काय, नाक सोसेल की. पण आवडाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "आनि शिसं?"

पाग टाकताना जाळ्याची एक कड दातात धरतात आणि गिरकी घेऊन फेकतात. कडेला ओवलेल्या शिशाच्या गोळ्या तोंडापुढून सूंऽऽ करत जातात. हे विसरणारा माणूस बावीस वर्षं पाग टाकत होता, बोला! आवडाबाईनं त्याच्या उपरण्याच्या टोकाला दुकानाच्या चाव्यांचा जुडगा बांधला, त्याच्या नाकावर साधा काळा चष्मा चढवला. "फेका."

"बाई, माझ्या चाव्या!" दिनानाथ ओरडेपर्यंत धर्माजीनं गिरकी घेतली होती. टक्! डाव्या काचेला उभा तडा गेला.

धर्माजीनं डोळा चाचपला. मग प्लास्टिकचा उचलला. फुटक्याचेही पैसे मोजावे लागले ते वेगळंच. "वरखड्यांचं मी बघते," आवडाबाई म्हणाली. "हातानं पुसायचा न्हाय. गोड्या पान्यानं धुवायचा, मऊ धडप्यावर टिपायचा." आणि आगबोटीतच तिनं जुन्या लुगड्याची पिशवी शिवायला घेतली.

अमावास्येला खाडीवर हशा पिकला. "साहेब आला रे, सलाम करा!" धर्माजी रीतीप्रमाणे शेवटी जाणार होता, त्यानं पुढे उभं राहून फक्त एक पाग मागितला. बाबाजी लगेच बाजूला झाला. धर्माजीनं चष्मा चढवला. चकाकी विरली, वाळूच्या वळ्या दिसल्या, खेकडा दिसला, आणि, अगं बाई गं, डाव्या अंगाला बोयींची ही मोठी झुंड! काळीज असं धडधडलं की मासे ऐकतील असं त्याला वाटलं. हात वर. थांब. थांब. खाली!

जाळी ओढता ओढवेनात. पाणी नुसतं उसळत होतं, माणसं ओरडत होती, कुणी धर्माजीला मिठी मारली, कुणी पाण्यातच बसकण मारली.

बाबाजी मात्र हळूच जवळ आला. "दादा, मला बघू दे."

धर्माजीनं चष्म्यावर हात धरला. आता हा चष्माही मागणार आणि जागाही. तरी त्यानं काढून दिला. बाबाजीनं तो लावला, पाण्यात वाकला. एक चुकार बोय त्याच्या पायापासून सळकन गेली, तसा तो दचकून मागे सरला.

"म्हंजे ही अशी दिसते?" तो म्हणाला. "दादा, मला कधीच न्हाय दिसली रे. येक दिवस न्हाय. मी तुझा हात बघून पाग टाकायचो. पुढं उभं राहायचं म्हनून चार रात्री डोल्याला डोला न्हाय लागला माझा."

धर्माजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रांगेतला तिसरा नजर चुकवून पाण्याकडे बघत होता. चौथाही. मग मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "मलाबी येकदा लावू दे, दादा."