गफ्फार मिस्त्रीचा जळफळाट

रोहिणखेडचा गफ्फार मिस्त्री पोकलेनच्या आवाजावरून तिचं दुखणं सांगायचा. पंप हवा ओढतोय की सील गेलंय, हे त्याला मशीनच्या अंगाला हात लावला की कळे. खदान असो की रस्त्याचं काम, मोताळा तालुक्यात मशीन अडली की माणसं आधी गफ्फारला फोन करत. तीस वर्षं त्यानं उताणं झोपून, ऑइल डोळ्यांत घेऊन ही कामं केली होती.

मग नव्या मशिनी आल्या. इंजिनला एक कंट्रोलर, पंपाला दुसरा, केबिनमधल्या स्क्रीनला तिसरा, आणि हे सगळे पीळ घातलेल्या दोन बारीक वायरींवरून एकमेकांशी बोलणार. बोलणं तुटलं की धडधाकट मशीन जागेवर बसणार. त्या वायरी ना आवाज करत, ना गरम होत. गफ्फारचे हात तिथं मुके झाले.

आणि त्याच सुमारास निशिगंधा आली. सोनाळ्याच्या किसनरावांची मुलगी, वय सव्वीस, मशीनच्या डीलरकडे सर्व्हिस इंजिनीअर. पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात मीटर. पंजाबरावांच्या खदानीवर ती पहिल्यांदा आली तेव्हा ऑपरेटर नागसेननं तिच्यासाठी ताडपत्रीची सावली केली, पंजाबरावांनी स्वतःची खुर्ची दिली आणि थंड पाण्याची बाटली मागवली. गफ्फार हे बाजूला उभा राहून पाहत होता. मे महिन्याच्या उन्हात तो कितीदा याच दगडांवर आडवा झाला होता. त्याच्यावर कोणी रुमालसुद्धा धरला नव्हता.

तिनं वीस मिनिटांत एक गंजलेला प्लग शोधला. पंजाबराव तिला ‘मॅडम, मॅडम’ करत गाडीपर्यंत सोडायला गेले.

घरी गफ्फारनं ते हसण्यावारी नेलं. “लॅपटॉप सांगते अन् ते वाचते. त्याच्यात काय आहे?”

त्याची बारावीतली मुलगी मलिहा म्हणाली, “अब्बा, मले त्याईचा नंबर द्या ना. काय शिकल्या ते विचारतो.”

गफ्फारनं हातातला घास परत ताटात ठेवला. त्याची कारीगरी सगळा तालुका वाखाणत होता, पण मलिहानं त्याला असं कधी काही विचारलं नव्हतं. “नाही माझ्यापाशी नंबर,” तो म्हणाला. नंबर होता.

मलिहा उठून गेल्यावर बायको बानो हळूच म्हणाली, “उस पोरीपे जलते क्या तुम?”

“मी कायले जळू?” असं म्हणून तो ताटावरून उठला.

ऑक्टोबरात पंजाबरावांची तीच मशीन पुन्हा रुसली. पुढची खोदायची बादली दगडांत घुसली, मशीन हादरली की स्क्रीनवर ‘संपर्क तुटला’ अशी खूण येई आणि इंजिन मंद पडे. थोड्या वेळानं सगळं आपोआप ठीक. निशिगंधा आली. तिनं बॅटरी सोडवली आणि त्या दोन वायरींमध्ये मीटर लावलं. साठ ओहम. “लाइनच्या दोन्ही टोकांना रोधक असतो चाचा,” तिनं न विचारता गफ्फारला सांगितलं. “साठ आलं म्हणजे दोन्ही जागेवर आहेत. एकशे वीस आलं असतं तर एक बाजू तुटली म्हणायची.” मशीन चालू केली, चालली. ती गेली आणि तासाभरात मशीन पुन्हा बसली.

त्या संध्याकाळी गफ्फार पान्ह्यांची पेटी आवरत होता. तळाशी एक रबरी क्लिप सापडली. ती हातात घेतली आणि त्याला आठवलं. महिन्यापूर्वी याच मशीनचा ऑइलचा पाइप बदलताना त्यानं केबिनखालची लोखंडी पत्री खोलली होती. वायरींचा जुडगा बाजूला केला होता. पत्री परत बसवली, क्लिप राहिली. जुडगा पत्रीच्या धारेवर घासत असणार.

एक फोन केला असता तर काम संपलं असतं. त्यानं क्लिप पेटीत टाकली आणि झाकण लावलं. एकदा तरी हरू दे तिला, असं त्याच्या मनात आलं, आणि ते बरंही वाटलं.

दोन दिवस तो रोज काही ना काही निमित्तानं खदानीवर गेला. दुसऱ्या दिवशी निशिगंधाही आली होती. पंजाबरावांच्या तोंडातलं ‘मॅडम’ गेलं होतं. “तुमच्या साहेबाले सांगा, एखादा अनुभवी माणूस पाठवा म्हणा,” ते सगळ्यांदेखत म्हणाले. तिचे कान लाल झाले. गफ्फारला ते गुळासारखं गोड लागलं.

ती त्याच्याकडे आली. “चाचा, मागच्या महिन्यात याचा पाइप तुम्हीच बदलला ना? कोणती पत्री खोलली होती?”

“आठवत नाही पोरी. रोजच्या धा मशिनी खोलतो.”

तिनं मीटरचं एक टोक वायरीला आणि दुसरं मशीनच्या लोखंडाला लावलं, आणि हाताला येईल तो जुडगा टप्प्याटप्प्यानं हलवत निघाली. इंजिनपासून सुरुवात केली. दुपार टळली. शेवटी केबिनखालची पत्री काढली. तिथं जुडगा हलवला आणि मीटरचा आकडा एकदम शून्यावर आला. एका वायरीचं कातडं सोललं होतं, तांबं चमकत होतं. शेजारी क्लिपचं भोक रिकामं होतं. त्या भोकाकडे तिनं पाहिलं, मग गफ्फारकडे.

पंजाबराव धावत आले. “काय निंगालं?”

“वायर घासली होती. हादरा बसला की बॉडीला टेकायची. आता जोडून बांधते.”

“पण घासली काऊन?”

“होतं कधी कधी,” ती म्हणाली आणि टेप काढायला वळली.

तिनं त्याचं नाव घेतलं असतं तर गफ्फार भांडला असता, कांगावा केला असता. पण हे त्याच्या जिव्हारी लागलं. हुशारी हिची, मान हिचा, आणि आता मनाचा मोठेपणाही हिचाच? तेवढा तरी तो तिला एकटीला घेऊ देणार नव्हता.

“भाऊ,” तो पंजाबरावांना म्हणाला, “त्या वायरीची क्लिप माझ्याकून राह्यली होती. मले परवाच समजलं. मी सांगतलं नाही.”

“समजलं होतं अन् गप्प बसला?” पंजाबराव त्याच्याकडे बघतच राहिले. “माही मशीन दोन दिवस उभी राह्यली, गफ्फार.”

“हाव.”

निशिगंधानं मान वर केली नाही. ती वायर जोडत राहिली.

पंजाबरावांनी पुढं चार महिने गफ्फारला बोलावलं नाही. खदानीवर झालेली गोष्ट गावात यायला वेळ लागला नाही. बानोनं त्यावर एक शब्द काढला नाही. तेच त्याला जास्त जड गेलं.

फेब्रुवारीत एका सकाळी निशिगंधाचा फोन आला. ती लोणार तालुक्यात सुलतानपूरजवळ एका मशीनवर होती. “चाचा, लॅपटॉपवर सगळं ठीक दिसतं, तरी बूमचा हात संथ उठतो. जरा आवाज ऐकता का?” तिनं फोन पंपाजवळ धरला.

गफ्फारनं डोळे मिटले. “हवा ओढून राह्यला पंप. टाकीतून येणाऱ्या पाइपाचा पट्टा ढिला असन, पाह्य.”

दहा मिनिटांनी पुन्हा फोन. “ढिलाच होता. उपकार झाले चाचा.”

तो फोन हातात धरून बसून राहिला. आपल्याला येत नाही ते दुसऱ्याला विचारणं तिला किती सहज जमत होतं. त्याचाही त्याला हेवा वाटला. मग त्यानं मलिहाला हाक मारली आणि म्हणाला, “घे, लिहून घे निशिगंधाताईचा नंबर. अन् ते मीटर कुठं भेटते, तेही विचार.”