दरवर्षी एक आठवडा

बहिणीच्या घरी जाताना बाई चिवडा-लाडू नेते, भाजी नेते, पोरांना खाऊ नेते. त्या मे महिन्यात मी नांदेडहून लातूरला निघाले ती पाण्याचे दोन कॅन घेऊन. ताईनंच फोनवर बजावलं होतं, "बाकी काही आणू नको शकू, पाणी आण. आणि दोन दिवस राहायचं म्हणून ये. तुला एक गोष्ट दाखवायची हाय."

बस स्टँडवर कंडक्टरनं कॅनकडे बोट दाखवलं. "बाई, ह्याचं लगेज लागंल."

"लातूरला बहिणीकडं नेतेय."

"लातूर?" त्याचं बोट खाली आलं. "मग ठेवा त्या सीटखाली. पाण्याचं कुठं लगेज घ्यावं."

लोहा मागं पडलं तशी हिरवी म्हणावी अशी गोष्ट रस्त्यावर उरली नाही. नांगरून ठेवलेली काळी रानं आणि त्यांच्या कडेला वाळलेली बाभळं. एका हातपंपाजवळ निळ्या-पिवळ्या घागरी ओळीनं मांडलेल्या होत्या. माणूस मात्र एकही नव्हता. घागरीच रांगेत उभ्या राहिल्या होत्या, बायका कुठंतरी सावलीला गेल्या असाव्यात.

अहमदपूरच्या अलीकडं एका कॅनचं बूच ढिलं झालं आणि पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या चपला भिजल्या. मी ओशाळून पदरानं जमीन पुसायला लागले, तर ते म्हणाले, "राहू द्या बाई. चार दिवसांनी पायाला पाणी लागलं." त्यांचा शेजारी हसला, आणि मग बसमध्ये पाण्यावरून बोलणं निघालं ते नव्या जिल्ह्यावर जाऊन पोचलं. उदगीर जिल्हा होणार, अशी तेव्हा पुन्हा एकदा हवा उठली होती. एकजण म्हणत होता, जिल्हा झाला की जमिनीला भाव येईल, कचेऱ्या येतील, रस्ते होतील. म्हातारे गृहस्थ भिजलेले पाय वर घेऊन बसले होते. ते म्हणाले, "होऊ द्या की. आमच्या बापानं लातूरचा जिल्हा झालेला पाहिला, आम्ही उदगीरचा पाहू. पाणी कोन्या जिल्ह्यात हाय ते सांगा."  चाकूरपर्यंत सगळे खिडकीबाहेर बघत राहिले.

ताई लातुरात एकटी राहते. भाऊजी डाळमिलमध्ये हिशेब बघायचे; त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा हैदराबादला. गल्लीत शिरताच प्रत्येक दारापुढं पिंप दिसलं, प्रत्येक पिंपाला कुलूपकडी. ताईनं दार उघडलं आणि आधी कॅन आत घेतले, मग मला.

"लई वाळलीस," मी म्हणाले.

"सगळं गावच वाळलंय." ती हसली. केस तेल लावून घट्ट बांधलेले होते. नळाला पाणी येऊन दहा-बारा दिवस झाले होते. डोक्यावरून आंघोळ किती दिवसांत केली नाही ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. जेवायला तिनं पत्रावळी मांडल्या, भांडी धुवावी लागू नयेत म्हणून. येसर (भाजलेल्या धान्या-मसाल्यांचं पीठ) घालून केलेली आमटी आणि भाकरी. आईच्या हातची चव होती. आम्ही दोघींनी ते ओळखलं.

जेवण झाल्यावर तिनं उशीखालून एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका काढली. पहिल्याच पानावर निळा तलाव होता, त्यात पायडल मारायच्या बोटी, काठावर लाल कौलांची घरं.

"सभासद व्हायचं. एकदा पैसे भरले की पंचवीस वर्षं, दर वर्षाला एक आठवडा आपला. खोली आपली. ह्यांची गावोगावी ठिकाणं हायेत. कोकणात, केरळात. हे उदगीर रस्त्याचं तर जवळचंच."

मला वाटलं ती थट्टा करून राहिली आहे. "ताई, आपण काय हवापालट करणारी माणसं आहोत?"

"हवा नको मला." तिनं पुस्तिका मिटली. "तुझ्या घरी मी आले तर तू रांधत राहतीस. सासूबाई अंथरुणावर, तुझा एक पाय त्यांच्या खोलीत. माझ्या घरी तू आलीस तर मी रांधत राहते. गावचं घर भावानं विकलं. आईच्या चुलीवर आता सोयाबीनची पोती हायेत. आपल्याला बसायला जागाच उरली न्हाई शकू."

हदगाव तालुक्यातल्या आमच्या गावात दादा, म्हणजे आमचे वडील, पोस्टात होते. वस्तीतलं पहिलं पक्कं घर आमचं. पुण्याच्या भावानं ते गोदामाला विकलं, हे खरं. आणि तिघांचा वाटा नीट करून दिला, हेही खरं. माझा वाटा मुलीच्या शिक्षणाला लागला. ताईनं तिचा वाटा हातही न लावता ठेवला होता.

"घराचे पैसे हायेत," ती म्हणाली. "घराच्या पैशाचं घरच घ्यावं. वर्षातून एक आठवडा का होईना. तू आणि मी. कुणी दुसरं रांधणार, आपण निस्तं बसायचं."

"मग माझं काय काम?"

"तू शाळेत गणित शिकवतीस. उद्या संग चल आणि सांग, घ्यावं का न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची गाडी आम्हाला न्यायला आली. गाडीत वैशाली मॅडम होत्या, पस्तिशीच्या, त्या उन्हातही कोट घातलेल्या. बोलणं गोड, आणि मला ते खोटं वाटलं नाही. ताईला त्या "मावशी" म्हणत होत्या. आधी कुठल्याशा क्लासमध्ये चौकशीच्या खिडकीवर बसायच्या, हे त्यांनी आपणहून सांगितलं. "नवीन जिल्हा होऊ द्या मावशी, ह्या रस्त्याचं रूपच पालटतंय बघा." मी बाहेर बघितलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाची वाळून करडी झालेली पानं वाऱ्यानं एकमेकांवर घासत होती.

लाल कौलांची घरं पुस्तिकेत होती तशीच होती. तलाव मात्र नव्हता. तलावाच्या जागी तडकलेल्या चिखलाचं मोठं ताट होतं आणि त्यात, काठापासून बरंच आत, पायडलच्या बोटी एकमेकींना टेकून कलंडल्या होत्या. एक बोट हंसाच्या आकाराची होती. तिच्या मानेच्या सावलीत दोन कुत्री झोपली होती.

"यंदाचं साल सोडा," वैशाली मॅडम घाईनं म्हणाल्या. "पाऊस झाला की काठापर्यंत भरतो."

 ताई कठड्याला धरून बराच वेळ त्या चिखलाकडं पाहत होती.

आम्हाला नमुन्याची खोली दाखवली. पांढऱ्या चादरी, दोन खुर्च्या, खिडकीशी चहाचा ट्रे. ताईनं पलंगावर हात फिरवला, खुर्चीत बसून पाहिलं. मग न्हाणीघराचं दार उघडून नळ सोडला. पाणी आलं. भरधार.

"इथं चोवीस तास आहे मावशी," वैशाली मॅडम म्हणाल्या.

ताई माझ्याकडं वळली. तिचा चेहरा मी लहानपणी पाहिला होता तसा झाला होता. "आंघोळ केली तर चालंल का?"

वैशाली मॅडम क्षणभर गोंधळल्या, मग म्हणाल्या, "करा की. मी खाली चहाचं सांगते."

आतून पाण्याचा आवाज येऊ लागला. मी खिडकीशी उभी राहिले. ही खिडकी मागच्या बाजूला उघडत होती. खाली टँकर लागला होता आणि जाड पाइपातून टाकीत पाणी पडत होतं. तारेच्या कुंपणाबाहेर सात-आठ बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. पाइपाच्या जोडाशी गळती होती. तिथून झिरपणारं पाणी कुंपणाखालून बाहेर येत होतं आणि एक बाई ते वाटीनं टिपून घागरीत ओतत होती. वॉचमन त्यांना हटकत होता, पण फार जोरानं नाही. तोही तिथलाच असावा.

आतला आवाज थांबेना. पाण्याबरोबर आणखीही एक आवाज होता. मी दारापर्यंत गेले आणि परत आले. माझी बहीण आत रडत होती, आणि रडायला तिला हीच जागा मिळाली होती.

ती बाहेर आली ती केस मोकळे सोडून, पुसत पुसत. साबणाचा वास आला. तरतरीत दिसत होती, दहा वर्षांनी लहान. "शकू, घेऊन टाकू," म्हणत ती खिडकीशी आली. तिनं खाली पाहिलं. वाटीवाली बाई नेमकी तेव्हाच वर बघत होती. ताईचा पुसता हात थांबला. तिनं ओले केस गोळा केले, अंबाडा घातला आणि डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतला. खालच्या बाईनं मान वळवून पुन्हा वाटी लावली.

चहा घेताना वैशाली मॅडमनी सगळं समजावलं. ताई मधेच म्हणाली, "एक विचारू? दर वर्षाला हीच खोली मिळंल ना?"

"नाही मावशी, तीच तर मजा आहे! दरवर्षी नवीन ठिकाण, नवीन खोली. कंटाळा यायला नको."

"मला कंटाळा येत न्हाई," ताई म्हणाली. "मला एकच पायजे. मागच्या साली ठेवलेला कंगवा पुढच्या साली तिथंच सापडावा अशी."

 वैशाली मॅडमनी चहाचा कप उगाच सरळ केला.

मग मी विचारलं, "आम्हाला आठवडा कधी मिळेल? मी शाळेत आहे. मला मे महिन्यात सुट्टी असते, आणि दिवाळीत."

"तो सोनेरी हंगाम आहे मॅडम. मावशींनी पाहिलेला प्लॅन हिरवा आहे. त्यात जुलै-ऑगस्ट येतं, फेब्रुवारी येतं. सोनेरी घेतला तर मे मिळेल, पण त्याची रक्कम..." त्यांनी आकडा सांगितला. ताईच्या वाट्याच्या तो कितीतरी पलीकडं होता.

"आणि एखाद्या वर्षी गेलोच नाही तर?"

"देखभालीचे पैसे भरावेच लागतात. ते दरवर्षी थोडे वाढतात." त्या खरं तेच सांगत होत्या, आणि सांगताना ताईकडं बघत नव्हत्या.

"हिला रिटायर व्हायला चार वर्षं हायेत," ताई म्हणाली. "चार वर्षं मी थांबंन. पैसे भरत राहीन."

"ताई, चार वर्षांनी सासूबाई असतीलच. त्यांना टाकून मी आठवडाभर कशी येणार? आणि तू आज त्रेसष्टची आहेस. पंचवीस वर्षं कुणासाठी घेतेस?"

 वैशाली मॅडमनी पेन पुढं केलं नाही, मागंही घेतलं नाही. ते टेबलावर तसंच राहिलं. ताईनंच शेवटी ते उचललं, टोपण लावलं आणि त्यांच्या हातात दिलं. "माफ करा बाई. तुमचं पाणी सांडलं मी."

"मावशी, असं नका म्हणू," वैशाली मॅडम म्हणाल्या, आणि परतीच्या सगळ्या रस्त्यात त्या पुढच्या सीटवर पुस्तिका मांडीवर पालथी ठेवून बसून होत्या.

संध्याकाळ ताईनं घरातली कामं करण्यात घालवली. तांदूळ निवडले, निवडलेले पुन्हा निवडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला स्टँडवर पोचवायला आली. रिक्षात बसताना, उतरताना, बस लागेपर्यंत ती मुलाच्या हैदराबादच्या फ्लॅटबद्दल बोलत होती. तो बोलावून राहिलाय, जावं म्हणते. मी बसमध्ये चढून खिडकीशी बसले तेव्हा ती खाली येऊन उभी राहिली.

"रागावलीस का?" मी विचारलं.

"न्हाई. तुझं गणित बरोबर हाय." तिनं खिडकीच्या गजावर हात ठेवला. "पर कालचा दिवस तरी मला घेऊ द्यायचा होतास. घरी आल्यावर सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? तिथून येताना गाडीत मी ठरवत बसले असते, कोन कुठल्या पलंगावर झोपंल ते."

बस हलली.  चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. अहमदपूरला एक बाई माझ्या शेजारी येऊन बसली, लोह्याला उतरून गेली.  नांदेड जवळ आलं तेव्हा गोदावरीच्या पात्रात वाळूचे पट्टे उघडे पडलेले दिसले, आणि मधल्या डबक्यात कपडे धुणारी माणसं.

घरी नवऱ्यानं दारातच विचारलं, "घेतलं का तुझ्या ताईनं?"

"नाही."

"बरं केलंस. वाचवलंस तिला."

पुढच्या पावसाळ्यात मराठवाड्यात मायंदळ (भरपूर) पाऊस झाला. तो तलाव काठोकाठ भरल्याचं लातूरहून येणारी माणसं सांगत होती. ताई दसऱ्याच्या आधीच घर बंद करून हैदराबादला गेली. उदगीरचा जिल्हा काही झाला नाही. प्रवासाची वर्णनं लिहिणारे परत आल्यावर काय मिळालं ते सांगतात. मला ह्या दोन दिवसांच्या प्रवासात नेमकं काय मिळालं ते मी अजून सांगू शकत नाही. मुलीला, शाळेतल्या बायकांना, पुण्याच्या भावाला, ज्याला ज्याला मी ही हकिकत सांगितली, ते सगळे मला बरं केलंस म्हणाले. हिशेब घालून पाहिला की मलाही तेच वाटतं.

त्यानंतरच्या वर्षांत आम्ही दोघी भेटलो ते दोन लग्नांत आणि एका पुण्यानुमोदनाला (माणूस गेल्यावरच्या कार्याला), माणसांच्या गर्दीत, उभ्या उभ्या. सासूबाई गेल्या, मी रिटायर झाले. मागच्या मे महिन्यात मी फोन करून म्हटलं, "ताई, चल कुठंतरी जाऊ. साधी खोली घेऊ, आठ दिवस राहू." पलीकडं नातवाचा गलका होता. ताईनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता गुडघे चालत न्हाईत शकू. तू जाऊन ये. आणि आल्यावर सांग मला, कसं होतं."