आठशे प्रतींतलं पौलाचं नाव

छापखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. सव्वीस वर्षं ती प्रुफं तपासत होती. भिंग दोरीने गळ्यात. घरी जातानाही ते काढायचं भान तिला नसे.

शेजारच्या खुर्चीवर तिचे धाकटे दीर बसत. मूळ प्रत ते मोठ्याने वाचत आणि ती प्रुफावर बोट ठेवून ऐके. स्वल्पविराम, पूर्णविरामसुद्धा ते म्हणत. घरी मीठ मागितलं तरी शेवटी 'पूर्णविराम' म्हणून मोकळे व्हायचे.

त्या वर्षी चर्चच्या मंडळीसाठी बायबलमधल्या नव्या कराराची नवी आवृत्ती निघाली. भाषांतर करणाऱ्या अभ्यासकांनी एक मथळा बदलला होता. जुना मथळा 'पौलाचे इब्री लोकांस पत्र' असा होता. पण त्या पत्रात लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही, आणि ते प्रेषित पौलाचंच का, हा वाद फार जुना आहे. म्हणून त्यांनी 'पौलाचे' हा शब्द गाळला.

आठशे प्रती छापून, बांधून तयार झाल्या. रविवारी वाटायच्या होत्या. गुरुवारी बाईने सहज एक उघडली. आत छापलं होतं, 'पौलाचे इब्री लोकांस पत्र'.

तिने मूळ प्रत काढली. तिथे तो शब्द नव्हता. शेवटचं प्रूफ काढलं. खिळे जुळवणाऱ्याने सवयीने तो शब्द घातलेला, आणि शेजारी 'बरोबर'ची खूण. तिच्याच हातची.

"भाऊजी, एवढं वाचा बरं." तिने मूळ प्रत पुढे केली.

"पौलाचे इब्री लोकांस पत्र, पूर्णविराम."

तिने कागद उलटा करून दिला. त्यांनी तोही घडाघडा वाचला.

"कधीपासून दिसत नाही?"

भाऊजींनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, लहानपणापासून तोंडपाठ आहे हो मला. डोळे कशाला लागतात?"

"तेच तर झालंय. सोमवारी मोतीबिंदू दाखवायला जायचं. आत्ता माझ्याबरोबर पाळकसाहेबांकडे चला."

चर्चच्या पाळकसाहेबांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बरं झालं की! नाव काढलं म्हणून अर्धी मंडळी माझ्या डोक्यावर मिरं वाटणार होती. देवाचाच हात म्हणायचा हा."

"देवाचा नाही, साहेब. माझा. खूण माझी आहे."

"अहो, तुमचे वडील आयुष्यभर हे पौलाचं पत्र म्हणून शिकवत आले. ते काय खोटं बोलत होते?"

हे तिला लागलं.

"त्यांना जसं शिकवलं, तसं त्यांनी शिकवलं. पण पौलाच्या नावाची तेरा पत्रं बघा. पहिलाच शब्द पौल. इथे नाही. गलतीकरांच्या पत्रात तो ठणकावून सांगतो, सुवार्ता मला कुणा माणसाकडून मिळाली नाही. इथला लिहिणारा म्हणतो, ज्यांनी प्रभूचं ऐकलं त्यांच्याकडून ती आमच्यापर्यंत आली. मला हा माणूस निराळा वाटतो. पण माझ्या वाटण्याचं सोडा. मूळ प्रतीत नाव नाही, एवढं पुरे."

"मग रविवारी उभं राहून तुम्हीच सांगा."

पाळकसाहेबांना ठाऊक होतं, चारचौघांत बाईची दातखीळ बसते.

"सांगते," ती म्हणाली.

शुक्रवारी तिने पांढऱ्या कागदाच्या बोटभर पट्ट्या कापल्या. खळ शिजवली. भाऊजी प्रत उघडून धरत, ती 'पौलाचे'वर पट्टी डकवी. छापखान्याचे मालक डोकावले.

"एका शब्दापायी? मथळे कोण बघतं, बाई?"

"मी."

शनिवारी संध्याकाळी आठशेवी प्रत मिटली. खळीने चिकटलेली तिची बोटं उघडत नव्हती.

रविवारी ती उभी राहिली. भिंग मुठीत घट्ट. झालेली चूक तिने चार वाक्यांत सांगितली. भाऊजींचं नाव घेतलं नाही.

पुढच्या बाकावरून एका आजींनी विचारलं, "मग लिहिलंय कुणी गं?"

"माहीत नाही, आजी."

"अगंबाई! मग आम्ही विश्वास तरी कशावर ठेवायचा?"

"कालपर्यंत ज्यावर ठेवलात त्यावरच. पत्रातलं एक अक्षर हललेलं नाही. ज्याने लिहिलं त्याने नाव घातलं नाही. आपण कोण घालणार?"

मागून कुणीतरी म्हणालं, "पट्टी सोलून काढली तर?"

"काढा. मूळ प्रत छापखान्यात आहे. या आणि ताडून बघा."

हशा पिकला. आजी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पट्टीवरून नख फिरवलं आणि प्रत मांडीवर ठेवली.

वाचनासाठी पाळकसाहेबांनी तेच पत्र निवडलं होतं. आठवडाभर आधीच. त्यांनी प्रत उघडली. जुन्या सवयीने 'पौ'साठी ओठ मिटले. सगळी मंडळी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बाईही.

मग त्यांनी समोर होतं तेवढंच वाचलं, "इब्री लोकांस पत्र."