काकूंचा वॉकर आणि पापडी

पापडी सोफ्याखाली घुसली होती आणि पनीरचा तुकडा दाखवूनही बाहेर येत नव्हती. तीन महिन्यांचं पिल्लू पनीरकडे पाठ फिरवतं, म्हणजे ते चांगलंच घाबरलेलं असतं. आणि तिला घाबरवलं होतं मी. तिची ट्रेनर.

आमच्या गुजराती शहरात, अकोटा भागातल्या त्या फ्लॅटमध्ये दोघंच राहायचे. रेल्वेतून रिटायर झालेले प्रधानकाका आणि काकू. पापडीला हौसेने काकूंनीच आणलं होतं. पंधरा दिवसांत काकू पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्या वॉकर घेऊन घरी आल्या. तो चारपायी सांगाडा फरशीवर खट्‌खट्‌ वाजला, की पापडी भुंकत त्याच्यावर धावून जायची.

“काल तिच्यामुळे ही पडता पडता वाचली,” काका म्हणाले होते. “मुलगा म्हणतो, देऊन टाका. जवळच्या छाणी गावचे एक ओळखीचे न्यायला तयार आहेत.”

“मी नाही देणार,” काकू खुर्चीतून म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता.

काकांना लवकर फरक दिसावा म्हणून पहिल्याच दिवशी मी पट्टा धरून पापडीला चालत्या वॉकरजवळ नेलं. तिने जागीच शू केली आणि पट्ट्यासकट पळाली.

“हे ट्रेनिंग?” काकांनी विचारलं.

“नाही काका, ही घाई. चूक माझी. मला पंधरा दिवस द्या.”

पिल्लाला माणसं, आवाज, वस्तू यांची न घाबरवता ओळख करून देणं, याला आम्ही सोशलायझेशन म्हणतो. हे लहानपणीच सोपं जातं. पुढे भीती मुरते.

वॉकर आम्ही हॉलच्या कोपऱ्यात नुसता उभा करून ठेवला. काकूंना चालायचं असलं, की काका आधी पापडीला आतल्या खोलीत ठेवायचे. पापडीचं जेवण समोरच्या भिंतीशी. रोज वाटी एक फरशी पुढे. काकांनी हे काम ड्यूटीसारखं अंगावर घेतलं. सकाळी फोन यायचा, “आज चौथी फरशी. सगळं खाल्लं.”

आठव्या दिवशी ती वॉकरच्या पायाशी जेवली. मग आवाज. काकू खुर्चीत बसून वॉकर जरासा उचलून टेकवायच्या. खट्‌. लगेच पनीर. परत खट्‌, परत पनीर. दोन दिवसांनी खट्‌ झालं, की पापडी धावत येऊन काकूंच्या तोंडाकडे बघायला लागली.

“अगं, ही तर माझी वाट बघते!” काकूंनी डोळे पुसले.

चौदाव्या दिवशी काकू बेडरूममधून स्वयंपाकघरापर्यंत चालत गेल्या. पापडी बाजूने, त्यांच्याच चालीने. काका श्वास रोखून उभे होते. मग त्यांनी मुलाला फोन लावला.

“पापडी कुठेही जाणार नाही,” एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला.

तेव्हापासून नव्या घरी पहिल्या दिवशी मी पिल्लाला हातही लावत नाही. जमिनीवर बसते, चहा पिते, निघते. लोकांना वाटतं, या बेनला काही येत नाही. वाटू दे.