आपारावचे चार डबे

उमाजी खिल्लारे विजेच्या खात्यात लाइनमन होता. त्याचे आजोबा निजामाच्या काळात बिलोलीकडून हैदराबादेत मजुरीला आले आणि इथलेच झाले. बाप शहरातल्या कोठी भागातल्या एका दवाखान्यात चपराशी होता. उमाजी घरात मराठी बोलायचा, साहेबांशी तेलुगू, आणि मनातलं सांगायचं झालं की दखनी. मनातलं सांगावं असा माणूस त्याला एकच होता, त्याच्या जोडीचा लाइनमन आपाराव.

आपाराव अमलापुरमकडचा, गोदावरीच्या मुलखातला. वीस वर्षं दोघं दिलसुखनगरच्या मागच्या वस्त्यांमध्ये एकत्र खांब चढले होते. २०१४ च्या जूनमध्ये राज्याचे आंध्र आणि तेलंगण असे दोन भाग झाले, हैदराबाद तेलंगणात आलं, आणि ऑफिसात याद्यांची कुजबुज सुरू झाली. कोण तिकडचा, कोण इकडचा, कुणाला पाठवून देणार. कालपर्यंत एकमेकांच्या डब्यातलं खाणारे लोक एकमेकांचं गाव विचारायला लागले. आपाराव म्हणायचा की मला पाठवलं तर उमाजीलाही सामानात बांधून नेतो. पण त्याची झोप उडाली होती, हे उमाजीला दिसत होतं.

जुलैतली गोष्ट. सकाळी दहाच्या सुमाराला एका कॉलनीतला ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करायचा होता. लाइन तोडायचा स्विच तिथून एक खांब सोडून, एका मोठ्या झाडाच्या फांद्यांत होता. उमाजीनं खाली उभं राहून त्याचा दांडा ओढला. असा दांडा ओढला की वरची तिन्ही पाती उघडतात, आणि ती तिन्ही उघडली का हे मान वर करून बघायचं असतं. त्यानंतर लाइनला जमिनीची तार जोडायची असते, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जाते. ती तार गाडीत होती आणि गाडी दुसऱ्या कामाला गेली होती. ट्रान्सफॉर्मरच्या खांबापाशी उभ्या आपारावनं लांबून विचारलं, लाइन बंद झाली का? उमाजीनं हात वर केला.

दोन पाती उघडली होती. तिसरं चिकटून राहिलं होतं.

आवाज झाला तेव्हा उमाजी बिडी पेटवत होता. ट्रान्सफॉर्मरचं पेटतं तेल अंगावर घेऊन आपाराव खांबावरून खाली पडला. उमाजी धावला आणि स्वतःच्या हातांनी, छातीनं त्याची आग विझवली. त्यात त्याचे दोन्ही हात, छाती आणि गळा भाजला. बघणाऱ्यांनी ते पाहिलं, आणि त्या दिवसापासून उमाजी बहाद्दर ठरला. चौकशी झाली. पातं गंजून अडकलं होतं, दोष यंत्राचा, असं अहवालात आलं. दांडा ओढल्यावर वर कुणी बघितलं होतं का, हे उमाजीला कुणीच विचारलं नाही.

दोघांना वॉर्डात शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. तिथल्या आहारतज्ज्ञ इंदुताई हैदराबादेतल्याच जामबागच्या, मराठी बोलणाऱ्या. उमाजीला जेवण नको व्हायचं, तेव्हा त्या स्टूल ओढून बसायच्या आणि समजावायच्या. माणूस एवढा भाजला की त्याचं शरीर नवी कातडी तयार करायला लागतं. त्यासाठी लागणारा माल बाहेरून मिळाला नाही, तर ते स्वतःचंच मांस मोडून घेतं. म्हणून अंडी, दूध, डाळ, आणि त्यावर ही पांढरी पावडर. तिच्यात ग्लुटामीन नावाचं अमिनो आम्ल होतं. वॉर्डातला साठा संपला होता, म्हणून आपारावच्या बायकोनं, नागमणीनं, कोठीच्या दुकानांतून फिरून सहा डबे आणले. उमाजीची बायको जयवंता दोन दुकानं हिंडून रिकाम्या हातानं परत आली होती.

नवव्या दिवशी आपारावची मूत्रपिंडं थकली. डॉक्टरांनी त्याची पावडर बंद केली, ती आता त्याला अपाय करेल म्हणाले. चार डबे न उघडलेले राहिले. नागमणीनं ते जयवंताच्या हातात दिले आणि ती डॉक्टरांमागे बाहेर गेली. उमाजी नको म्हणाला. मग आपारावनं त्याच्याकडे मान वळवली. त्याचा चेहरा सुजून ओळखू येईनासा झाला होता, डोळे तेवढे त्याचे होते.

"ऊपर देखा था ना?" त्यानं विचारलं.

"देखा था," उमाजी म्हणाला. क्षणाचाही वेळ न लावता म्हणाला.

"फिर ठीक है. पी ले."

जयवंतानं पेला भरून त्याच्या तोंडाला लावला. पावडरीला चव अशी नव्हतीच, पाण्यात पीठ कालवल्यासारखी लागायची. उमाजीनं पेला संपवला. आपाराव बघत होता. पुढचे पाच दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ उमाजी पीत राहिला आणि आपाराव बघत राहिला. सहाव्या दिवशी ती खाट रिकामी झाली.

उमाजीच्या मांडीची कातडी काढून हातांवर, छातीवर लावली. ती धरली. डॉक्टरांनाही नवल वाटलं इतकी चांगली धरली. चार डबे संपेपर्यंत तो वॉर्डात भिंत धरून चालायला लागला होता.

घरी आल्यावर त्याला एक गोष्ट छळायला लागली. आपण वर बघितलं होतं की नाही, हे त्याला आठवेना. डोळे मिटले की झाड दिसायचं, फांद्या दिसायच्या, उघडलेली दोन पाती दिसायची. मग वाटायचं, हे त्या दिवसाचं नाहीच. असे हजार स्विच आपण बघितलेत, त्यातलाच एखादा आठवतोय. कधी तिसरं पातंही दिसायचं, चिकटलेलं, स्पष्ट. मग ते दिसत असताना आपण हात वर केला की काय, या विचारानं त्याला घाम फुटायचा. नव्या कातडीला मात्र घाम येत नव्हता. गळ्याखाली छाती कोरडी राहायची आणि आतून भट्टीसारखी तापायची. अशा वेळी त्याला वाटे, ही कातडी आपली नाही. ती आपारावच्या मालातून झाली आहे, आणि ज्याची आहे तो तिच्या आत बसून विचारतो आहे.

खात्यानं त्याचा सत्कार केला. शाल, नारळ, छापील कागद. त्यानं तो कागद कपाटात कपड्यांखाली ठेवला. त्याला खांबावरून काढून ऑफिसात तक्रारी घ्यायला बसवलं. दुसऱ्या वर्षी आंध्रच्या लोकांना खरोखरच तिकडं पाठवलं. नागमणीनंही घर आवरलं. ती निघायच्या आदल्या दिवशी उमाजी तिला खरं सांगायचं ठरवूनच गेला. तिनं त्याचा हात हातात घेतला, नव्या कातडीवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, चांगली भरून आली. जणू तिच्याच घरातलं काही नीट झालं होतं. उमाजी चहा पिऊन परत आला. त्यानंतर दर संक्रांतीला तिचा फोन यायचा. हात कसा आहे, असं ती विचारायची. तो बरा आहे म्हणायचा.

आठ वर्षं अशी गेली. त्याला रोज वाटत राहिलं की आपण त्या डब्यांवर जगलो, आणि ते डबे आपण एका शब्दावर घेतले.

२०२३ च्या सुरुवातीला तो हाताची आखडलेली कातडी दाखवायला त्याच दवाखान्यात गेला, तेव्हा इंदुताई भेटल्या. बोलता बोलता उमाजी म्हणाला की तुमच्या पावडरीनं मी वाचलो. इंदुताईंनी मग खरं ते सांगितलं. अनेक देशांतल्या हजारावर भाजलेल्या माणसांवर मोठा अभ्यास झाला होता. अर्ध्यांना ती पावडर दिली, अर्ध्यांना नुसतीच तिच्यासारखी दिसणारी. दोन्हीकडची माणसं सारखीच बरी झाली, सारखीच गेली.

"तुम्ही तुमच्या ताकदीनं उठलात, उमाजी," त्या म्हणाल्या. "ती पावडर मिळाली नसती तरी बहुतेक उठला असता."

त्यांना वाटलं, माणूस खूश होईल. उमाजी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला. डब्यांनी काही दिलं नव्हतं, तर आपारावचं त्यानं काही नेलंही नव्हतं. मग उरलं काय? एक प्रश्न, आणि त्याला दिलेलं उत्तर. इतकी वर्षं त्या उत्तरावर डबे रचलेले होते. आता ते उघडं पडलं.

त्या रविवारी तो आणि जयवंता अमलापुरमला गेले. नागमणी भावाच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहत होती. केस पांढरे झाले होते. उमाजीनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आपारावनं काय विचारलं, त्यानं काय म्हटलं, आणि आपण खरंच वर बघितलं होतं का हे त्याला आजही माहीत नाही.

नागमणी ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होती. मग हैदराबादेत शिकलेल्या दखनीत म्हणाली,

"मैं क्या करूं अब इसका, उमाजी?"

ती आत गेली. भांड्यांचे आवाज आले. तिनं दोघांना भात वाढला, वर चिंचेचं आंबट पुलुसू ओतलं, पुन्हा वाढलं. स्वतः जेवली नाही. बसपर्यंत सोडायला भावाच्या मुलीला पाठवलं.

गाडीत जयवंतानं विचारलं की आता हलकं वाटतंय का. उमाजी खिडकीबाहेर नारळीच्या बागा बघत होता. नाही म्हणाला. आणि खरंच तसं होतं. आता तो प्रश्न दोन घरांत राहणार होता.

पुढच्या संक्रांतीला तिचा फोन आला नाही. उमाजी दिवसभर फोन खिशात घेऊन बसला. दोन दिवसांनी त्यानं स्वतःच लावला. तिनं उचलला. तिच्याकडे कुणीतरी नळ सोडला होता, बादलीत पाणी पडत होतं. शेवटी तिनं विचारलं, जेवलास का. उमाजी हो म्हणाला. मग दोघांनीही फोन ठेवला नाही. बादली भरून वाहायला लागली तरी ठेवला नाही.