रविवारची आवणी
“आदामासारखे बायकोचे ऐकून याने प्रभूचा दिवस मोडला, म्हणून देवाने याचे खाचर वाहून नेले,” असे माले गावच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत माझ्याबद्दल अजून सांगतात. चिखलातल्या भातरोपांचा वास आला की मला माझी बायको आठवते आणि त्या लोकांशी भांडावेसे वाटते. शेजारणीचा नवरा दवाखान्यात होता, तिची उपटलेली रोपे शनिवारपासून बांधावर सुकत होती, आणि रोपे वाळली असती तर तिचे वर्षाचे भात गेले असते. रविवारी मी उपासनेला निघालो, तेव्हा बायकोने वाट अडवली आणि आधी शेजारणीची आवणी करू, रोपे लावून देऊ, म्हणाली. “आज्ञा मोडली तर शिक्षा हाय, ठावं हाय ना?” मी म्हणालो. “हाय की. देवानं इचारलं तर माझं नाव सांगा, आदामानंबी तेच केलं व्हतं,” ती म्हणाली आणि पदर खोचून पुढे झाली, मागोमाग मीही शेजारणीच्या खाचराच्या चिखलात उतरलो. त्याच दुपारी माझ्या खाचराचा बांध फुटला, हे मी नाकारत नाही. तो खेकड्यांनी पोखरला होता आणि मी बुजवला नव्हता. आज ती नाही, म्हणून तिच्या वतीने एवढेच सांगतो: सुगीच्या उपासनेत पाळकांनी आशीर्वाद मागून वेदीवर ठेवलेली भाताची पहिली पेंढी शेजारणीच्या त्याच खाचरातली होती.